काळ्या अंगाचा सोनेरी कोंबडा

पूर्व विदर्भातल्या आठवडी बाजारात कडकनाथ विकायला बसलेल्याकडे सोनेरी मानेचा एखादा कोंबडा असला, की गिऱ्हाईकाचा प्रश्न ठरलेला असतो: "हा तं गावरानीच दिसते जी, कडकनाथचे पैसे काहून मांगता?" विकणाऱ्यापाशी त्याला पटेल असं उत्तर बहुधा नसतं. कोंबडा गावरानच्या भावात जातो. पुढच्या हंगामासाठी नर राखून ठेवताना मालक मग साहजिकच काळाकुट्ट राखतो. दोन-चार पिढ्या असंच चाललं, की त्या कळपात सोनेरी पीस दिसेनासं होतं.

खरं तर कडकनाथच्या तीन रंगछटा जातिवंत मानल्या जातात: पूर्ण काळी, पेन्सिल्ड (काळ्या पिसांवर फिकट रेघा असलेली) आणि सोनेरी. मूळ मुलूख मध्य प्रदेशातला झाबुआ आणि अलिराजपूर, तिथलं नाव 'कालीमासी', म्हणजे काळ्या मांसाची. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गडचिरोली-चंद्रपुरात वाढलेला पक्षी त्या मानांकनाच्या नावाने विकता येत नाही. जात म्हणून मात्र तो कडकनाथच राहतो. आणि तिथलं 'कालीमासी' हे नाव पडलं ते मांसावरून, पिसांवरून नव्हे. बाजाराला हेच सांगायचं राहून गेलं आहे.

कडकनाथचा आतला काळेपणा येतो कुठून? अंड्यात भ्रूण वाढत असताना रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी पाठीच्या बाजूने निघतात आणि त्वचेकडे, पिसांच्या मुळांकडे सरकतात. इतर कोंबड्यांत त्या तिथेच थांबतात. कडकनाथमध्ये त्या फार मोठ्या संख्येने वाढतात आणि नेहमीची वाट सोडून शरीरात खोलवर शिरतात. स्नायूंवरचे पडदे, हाडांवरचं आवरण, श्वासनलिका, आतडी, जिथे पोचतील तिथे काळं रंगद्रव्य साठतं. कारण विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथले डीएनएचे दोन मोठे तुकडे, एक सव्वा लाख अक्षरांहून थोडा मोठा आणि दुसरा पावणेदोन लाखांच्या जवळपास, दुप्पट झाले आहेत. त्यातल्या एका तुकड्यात ईडीएन-३ नावाचं जनुक आहे, आणि रंगपेशींना 'वाढा, पसरा' असा निरोप देणं हेच त्याचं काम. जनुकाच्या प्रती वाढल्या, तसा निरोपाचा जोरही वाढला. २०११ साली हा उलगडा झाला. विशेष म्हणजे चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम सेमानी, स्वीडनची काळी कोंबडी आणि आपली कडकनाथ या सगळ्यांत नेमकी हीच उलथापालथ आढळते. असा गुंतागुंतीचा बदल जगात चार ठिकाणी आपापला घडणं जवळपास अशक्य. तो एकदाच घडला आणि माणसांबरोबर देशोदेशी फिरला.

'कडकनाथचं रक्त काळं असतं' हे आपल्याकडे फार ऐकू येतं. ते चूक आहे. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्याच्याशी या पेशींचा संबंध नाही. अंडंही काळं नसतं, फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचं असतं, कारण कवचाचा रंग गर्भाशयात चढतो आणि तो वेगळ्याच द्रव्याचा असतो. काळं अंडं दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर ते घेऊ नये.

आता पिसं. पिसाच्या मुळाशी असलेली रंगपेशी दोन प्रकारची द्रव्यं बनवू शकते, एक काळं आणि दुसरं तांबूस-पिवळं. कोणतं बनवायचं हे ठरतं तिच्या पृष्ठभागावरच्या एमसी-१-आर या ग्राहीवरून, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनावरून. हा ग्राही म्हणजे दिव्याच्या बटणासारखा: चालू असला की काळं, बंद असला की सोनेरी. हा ग्राही घडवणाऱ्या जनुकाच्या एका रूपात बटण कायमचं चालू अडकून बसतं आणि पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत काळा होतो. इतर रूपांत मान, पाठ, छाती असा अंगाचा भाग पाहून बटण चालू-बंद होतं. रानकोंबड्याचा रंगीबेरंगी पिसारा त्यातूनच येतो. म्हणजे मांस काळं करणारी व्यवस्था वेगळी आणि पीस काळं करणारी वेगळी. सोनेरी कडकनाथात पहिली पूर्ण शाबूत असते. तुरा, जीभ, पायांच्या नळ्या, पंखाखालची कातडी, सगळं काळं किंवा जांभळट. फक्त पिसांनी रानकोंबड्याची वाट धरलेली असते.

सगळी पिसं काळी करणारं रूप प्रभावी आहे. बापाकडून काळं आणि आईकडून सोनेरी आलं, तर पिल्लू काळंच दिसतं. त्याच्या आत सोनेरी रूप मात्र जसंच्या तसं असतं, ते पातळ होत नाही की झिजत नाही. म्हणून कळपातून शेवटचा सोनेरी कोंबडा विकला गेला तरी रंग संपला असं समजू नये. तो काळ्या बहिणींच्या आणि भावांच्या अंगात बसलेला असतो. असे दोन काळे पक्षी एकत्र आले, तर सरासरीने चारात एक पिल्लू सोनेरी निघतं. सरासरीने, हे लक्षात असू द्या. रवणाखालून, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखालून, आठ पिल्लं निघाली तर त्यांत एकही सोनेरी नसण्याची शक्यता दहात एक आहे. तेवढ्यावरून जोडी मोडणं म्हणजे घाई.

एखादा काळा नर हा रंग आत बाळगून आहे का, याची परीक्षा करता येते. त्याला सोनेरी माद्यांवर सोडायचं. तो बाळगून असेल तर अर्धी पिल्लं सोनेरी निघतील. सातच्या सात काळी निघाली, तर तो बाळगून असूनही आपल्याला चकवत असण्याची शक्यता १२८ मध्ये एक उरते. इथे लोक एक गोष्ट विसरतात. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज साठवण्याच्या बारीक नळ्या असतात आणि त्यात ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. नर बदलला म्हणजे उद्यापासूनची अंडी नव्या नराची, असं होत नाही. किमान तीन आठवड्यांची अंडी खाण्यात जाऊ द्यावीत आणि त्यानंतरची रवणाला ठेवावीत. नाहीतर सगळी परीक्षा फुकट.

विदर्भातल्या खेड्यात याहून मोठी अडचण आहे ती मोकळ्या अंगणाची. सकाळी खुराडं उघडलं की शेजारच्या गावरान कोंबड्या आणि आपले कडकनाथ एकाच उकिरड्यावर. त्यातून जे संकर होतात त्यांचं गणित मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे इंग्रज शास्त्रज्ञ बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यावरून दाखवलं. पुढे त्यांनी सहकारी पनेट यांच्यासोबत सिल्कीच्या काळ्या कातडीचा अभ्यास केला, तेव्हा एक कोडं समोर आलं. सिल्की मादीला फिकट पायांच्या लेगहॉर्न जातीच्या नराशी जुळवलं तर सगळी पिल्लं फिकट. उलट सिल्की नराला लेगहॉर्न मादीशी जुळवलं तर मुलगे फिकट, पण मुली काळ्याकुट्ट.

उत्तर लिंग-गुणसूत्रांत आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी आपला झेड फक्त मुलग्यांना देते, मुलींना झेड मिळतो तो बापाचाच. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत झेडवर एक जनुक असतं, ते कातडीतला काळेपणा दाबून टाकतं. गावरान मादीकडे ते असलं तरी मुलींपर्यंत पोचतच नाही. म्हणून कडकनाथ नर आणि फिकट पायांची गावरान मादी या जोडीच्या मुली काळ्या जिभेच्या, काळ्या नळ्यांच्या निघतात. पिसं आईकडून तांबूस-सोनेरी आली, तर अशी तलंग, म्हणजे तरुण मादी, हुबेहूब सोनेरी कडकनाथ दिसते. खरं तर ती निम्मी गावरान. अंग काळं करणाऱ्या त्या दुप्पट तुकड्याची तिच्याकडे एकच प्रत आहे. तिला तिच्याच भावाशी जुळवा, साधारण चौथ्या हिश्श्याच्या पिल्लांकडे ती प्रत नसेलच, ती पूर्ण फिकट निघतील. म्हणून फक्त जीभ आणि नळ्या पाहून सोनेरी मादी 'जातिवंत' ठरवणं धोक्याचं आहे. तिचे सख्खे भाऊ पाहावेत. ते फिकट असतील, तर तिच्या आईबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

याच झेड गुणसूत्रावर चंदेरी आणि सोनेरी ठरवणारं जनुकही बसलेलं आहे, आणि त्यात चंदेरी प्रभावी. सोनेरी नर आणि चंदेरी मादी जुळवली तर मुलगे चंदेरी, मुली सोनेरी. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक संकरित लेयर जातींत एका दिवसाच्या पिल्लांचं नर-मादी याच युक्तीने रंगावरून ओळखतात. आपल्या कामात याचा अर्थ एवढाच: मानेवर चंदेरी झाक असलेला पेन्सिल्ड नर सोनेरी माद्यांत सोडू नये.

एवढं जमलं आणि अंगणात चार-पाच सोनेरी पक्षी आले, की खरी परीक्षा सुरू होते. रंग दुर्मिळ म्हणून भावा-बहिणीची जोडी लावायचा मोह होतो. बाप-मुलीची, मग पुन्हा त्यांच्या पिल्लांची. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात सरासरीने २५ टक्के जनुक-जोड्यांवर दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाची प्रत येते. आधी झाकलेले दोष उघडे पडतात, अंडी फळत नाहीत, पिल्लं कवचातच मरतात, जगलेली किरकोळ रोगाला बळी पडतात. कडकनाथला इथे मुळातच फार सूट नाही. पहिलं अंडं यायला सहा महिने आणि वर्षाला साधारण १०५ अंडी, अशी ही जात.

'दहा माद्यांना एक नर पुरे' हे अंडी फळण्यापुरतं खरं आहे, वंशापुरतं नाही. हिशोब करून पाहा. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेने भागायचं. एक नर, दहा माद्या: ४० भागिले ११, म्हणजे चारसुद्धा नाही. अंगणात अकरा पक्षी दिसतात, पण वंशाच्या दृष्टीने तो जेमतेम साडेतीन पक्ष्यांचा कळप आहे, आणि दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यातलं प्रजनन, जवळजवळ १४ टक्क्यांनी चढतं. चार नर आणि वीस माद्या ठेवल्या तर तोच आकडा १३ वर जातो आणि चढ पावणेचार टक्क्यांवर येतो. फरक पडतो तो मुख्यतः नरांमुळे. जास्तीचे तीन कोंबडे पोसायचा खर्च खरा, पण सोनेरी रंग टिकवायचा तर यात काटकसर परवडत नाही.

एकट्या घराला हे जड जातं, तीन घरांना मिळून सोपं आहे. प्रत्येकाने आपल्या माद्या आणि त्यांच्या मुली स्वतःकडेच ठेवायच्या, नर मात्र दरवर्षी पुढच्या घरी द्यायचे: पहिल्याचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे. वही लिहायला जमली नाही तरी पायातल्या रिंगांचा रंग घरागणिक वेगळा ठेवला की काम भागतं. आपल्याकडे कोंबड्या बहुतेक घरांत बायाच पाहतात, आणि कोणती तलंग कोणत्या कोंबडीची हे त्यांना तोंडपाठ असतं. हा फेरा त्यांच्या हाती दिला तर तो टिकेल, अशी माझी खात्री आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या उन्हाची. फळलेलं अंडं साधारण २१ अंशांच्या वर राहिलं की भ्रूण हळूहळू वाढू लागतो आणि ३७.५ अंश न मिळाल्याने अर्धवट वाढून मरतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात टोपलीत आठवडाभर जमवलेली अंडी म्हणूनच वांझ वाटतात, आणि दोष नराला दिला जातो. परीक्षेच्या जोड्या हिवाळ्यात लावून अंडी जानेवारी-फेब्रुवारीत उबवायला ठेवावीत. उशीर झालाच तर ओल्या वाळूत अर्धं पुरलेल्या माठात, कोरड्या कापडावर अंडी ठेवावीत आणि चार-पाच दिवसांपलीकडे जमवू नयेत. कडकनाथ माद्या खुडूक बसण्यात फारशा भरवशाच्या नाहीत, तेव्हा त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली दहा-बारा एवढीच द्यावीत.

एकविसाव्या दिवशी जी काळी पिल्लं निघतील त्यांच्या पायातही रिंग घाला. बापाकडून किंवा आईकडून सोनेरी रूप घेऊन आलेली ती भावंडं आहेत. बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो म्हणून सगळी विकून टाकू नका. पुढच्या वर्षी शेजारच्या घरातून येणाऱ्या सोनेरी नराला दूरच्या नात्याच्या माद्या लागतील, आणि त्या याच काळ्या पिल्लांतून मिळायच्या आहेत.