माती गेली आणि साप संपला

नांगरलेल्या रानात मांडूळ शिरताना पाहिलंय कधी? भुसभुशीत ढेकळांत तोंड खुपसतं, अंगाला जरा पीळ देतं आणि बघता बघता दिसेनासं होतं. मॉरिशसच्या राउंड आयलंडवर असाच एक बिनविषारी साप होता, बोलिएरिया मल्टोकॅरिनाटा. लांबी मीटरभर, तोंड टोकदार, डोळे बारीक, गुलाबीसर पोटावर काळी नक्षी. १९७५ साली तो शेवटचा दिसला.

हे ज्वालामुखीचं बेट जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर. मॉरिशसवर जहाजांतून उंदीर उतरले आणि तिथून असे साप नाहीसे झाले. राउंड आयलंडवर उंदीर पोहोचलेच नाहीत, म्हणून इथे ते टिकले. पण १९व्या शतकात माणसाने तिथे शेळ्या आणि ससे सोडले.

शेळ्या-सशांनी कोवळे कोंब खाल्ले. जुनी झाडं वठत गेली, त्यांच्या जागी नवी उभी राहिलीच नाहीत. मुळांची पकड सुटली तशी उतारावरची माती पावसागणिक घळींतून समुद्रात गेली. मागे राहिला उघडा खडक. आपण हौसेने अंगणात लावतो तो बॉटल पाम मूळचा इथलाच, त्याचीही मोजकीच झाडं उरली.

याच बेटावर बोलिएरियाचा भाऊबंद कॅसारिया मात्र तगला. दोघांच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध दुभंगलेलं, बिजागरीसारखं वाकणारं. कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात अशी रचना नाही. सापसुरळीचं गुळगुळीत, टणक अंग धरून ठेवायला ती उपयोगी पडते. कॅसारिया रात्री जमिनीवर आणि पामच्या झावळ्यांत शिकार करतो. बोलिएरियाचं शरीर मात्र माती आणि पालापाचोळ्यात शिरण्यासाठी घडलेलं. मला वाटतं, दोघांच्या नशिबात फरक पडला तो इथेच.

शेळ्या १९७९ मध्ये हटवल्या, बोलिएरिया शेवटचा दिसल्यानंतर चार वर्षांनी. हा उशीर मनाला फार लागतो. ससे जायला १९८६ उजाडलं. मग स्थानिक झाडांची लागवड झाली. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांचं चरण्याचं आणि बिया पसरवण्याचं काम करायला २००७ मध्ये हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची मोठी कासवं आणली. कॅसारियाची संख्या वाढली आणि २०१२ मध्ये त्यातले काही साप मॉरिशसजवळच्या, उंदीरमुक्त केलेल्या गनर्स क्वॉइन बेटावर नेऊन सोडले.