तांबी कशी घडते, कशी बसते आणि कुठे चुकते

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी कॉपर टी ३८०ए, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायची तांबी, पाकिटातून काढून पाहिली, तर आधी तिच्या साधेपणाचंच नवल वाटतं. पॉलिथिलीनचा ३६ मिलिमीटर उंचीचा उभा दांडा, त्याच्या डोक्यावर ३२ मिलिमीटरचा आडवा दांडा. उभ्या दांड्याला गुंडाळलेली तांब्याची तार, आडव्या दांड्याच्या दोन्ही हातांवर तांब्याची एकेक आखूड नळी. खालच्या टोकाला ३ मिलिमीटरचा गोळा आणि तिथे ओवलेला दोरा. यातला प्रत्येक भाग कशासाठी तरी आहे. बसवणाऱ्या डॉक्टरांच्या किंवा सिस्टरच्या हातून एखादी पायरी चुकली, की नेमका त्या भागाचा उपयोग वाया जातो. ‘मला तांबी सोसली नाही’ असं बायका सांगतात, तेव्हा बऱ्याचदा ती नीट बसलेलीच नसते.

आधी तांब्याचं पाहू. नावातला ३८० हा आकडा तांब्याच्या वजनाचा नाही, उघड्या पृष्ठभागाचा आहे: ३८० चौरस मिलिमीटर. त्यातले सुमारे ३१४ तारेचे आणि उरलेले दोन नळ्यांचे. तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पृष्ठभागावरूनच सुटतात, म्हणून वजनापेक्षा क्षेत्रफळ महत्त्वाचं. चिलीतले डॉक्टर हाइमे झिपर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सशांच्या गर्भाशयात तांब्याची तार ठेवून पाहिली आणि गर्भधारणा कमालीची घटलेली त्यांना दिसली. त्याच सुमारास अमेरिकेत हॉवर्ड टाटम यांनी ‘टी’ आकाराचं प्लॅस्टिकचं साधन बनवलं होतं. नुसतं प्लॅस्टिक असताना वर्षाला शंभरातल्या सुमारे १८ स्त्रियांना दिवस जात. त्यावर ३० चौरस मिलिमीटर तांबं चढवल्यावर हा आकडा ५वर आला आणि २०० चौरस मिलिमीटरला जेमतेम १वर. आजच्या ३८०एमध्ये पहिल्या वर्षी हजारात साधारण ६ ते ८ स्त्रियांना दिवस जातात.

हातांवरच्या नळ्यांमागे दोन हेतू आहेत. गर्भनलिका गर्भाशयात जिथे उघडतात, त्या कोपऱ्यांजवळ त्यांच्यामुळे तांबं पोचतं. शिवाय या नळ्या अखंड तांब्याच्या असतात आणि त्यांची प्रत्येकी ६८.७ मिलिग्रॅम वजनाची भिंत बारीक तारेपेक्षा फार सावकाश झिजते. हे साधन दहा वर्षं चालतं, त्यात नळ्यांचा मोठा वाटा आहे.

आयन काय करतात? शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, ते बीजापर्यंत पोचत नाहीत, पोचले तरी फलनाच्या कामाचे राहत नाहीत. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरालाही परक्या वस्तूची जाणीव होते आणि तिथे पांढऱ्या पेशी जमतात. त्याही शुक्रजंतूंना मारक ठरतात. म्हणजे मुख्य काम फलनाच्या आधीच होतं. तांबीने दर महिन्याला गर्भ पडतो हा समज चुकीचा आहे. तिच्यात हार्मोन नसल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधावरही परिणाम होत नाही.

आता आकार. गर्भाशयाची पोकळी आपण समजतो तशी फुगलेली नसते. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात आणि मध्ये उलट्या त्रिकोणासारखी चपटी फट असते, वर रुंद, खाली निमुळती. गर्भाशय आकुंचन पावतं तेव्हा ही फट ‘टी’सारखी होते. टाटम यांनी हाच आकार धरला. त्याआधीचा लिपीज लूप, जो १९६५ साली भारताच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात आला, नागमोडी होता. त्याने रक्तस्राव आणि पोटदुखी होई, तो निसटूनही येई, आणि काही वर्षांतच लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला. आपल्याकडे तांबीबद्दल आजही जी भीती आहे, तिची मुळं मला त्या काळात दिसतात.

‘टी’ही सगळ्यांना सारखी बसत नाही. अनेक स्त्रियांची पोकळी वरच्या बाजूलाही ३२ मिलिमीटरपेक्षा अरुंद असते, मूल झालेलं नसेल तर जास्तच. हात थोडे वाकून जुळवून घेतात. फार वाकावं लागलं तर कळा येतात किंवा तांबी खाली सरकते. सरकारी कार्यक्रमातली दुसरी तांबी, म्हणजे ३७५, इथे वेगळी आहे. तिचे हात आखूड, लवचीक आणि खाली झुकलेले असतात. ती पाच वर्षांसाठी असते.

दोरा छोटी गोष्ट वाटते, पण त्याने इतिहास घडवला आहे. १९७१ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डॅल्कन शील्ड या साधनाच्या शेपटीत अनेक बारीक तंतू एका आवरणात कोंबलेले होते. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसे योनीतले जंतू त्या तंतूंमधून गर्भाशयात चढले. गंभीर जंतुसंसर्ग झाले, मृत्यूही झाले, आणि १९७४ साली विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा अखंड, एकपदरी असतो. टोकाचा गोळा उभ्या दांड्याचं टोक गर्भाशयाच्या तोंडात रुतू नये म्हणून आहे. प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे तांबी एक्स-रेत दिसते.

पाकिटाबद्दल दोन गैरसमज वारंवार दिसतात. त्यावरची अंतिम तारीख निर्जंतुकपणाची असते, तांब्याच्या आयुष्याची नाही. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बसवलेली ३८०एसुद्धा पुढची पूर्ण दहा वर्षं चालते. दुसरं म्हणजे काळवंडलेलं तांबं. पाकीट फाटलेलं किंवा उघडलेलं नसेल आणि तारीख उलटलेली नसेल, तर ती तांबी बेलाशक वापरावी.

बसवण्याआधी स्त्री गरोदर नाही याची खात्री हवी. ओटीपोटात जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव, पोकळीचा आकार बिघडवणारी गाठ किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर तांबी बसवत नाहीत. त्यानंतरची सर्वांत मोलाची पायरी म्हणजे हाताने तपासणं: एका हाताची बोटं योनीत, दुसरा हात ओटीपोटावर. गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, हे इथेच कळतं. ही पायरी घाईत उरकली आणि मागे झुकलेलं गर्भाशय लक्षात आलं नाही, तर आत घातलेली सळई सरळ पुढच्या भिंतीवर आदळते.

स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, लावून गर्भाशयाचं तोंड पोव्हिडोन आयोडीनने दोनदा पुसतात. मग व्हल्सेलमने, म्हणजे दातेरी चिमट्याने, तोंडाची वरची कड धरून हलकेच ओढतात. या ओढीने तोंड आणि पोकळी यांच्यातला बाक कमी होतो. आता साउंड, म्हणजे खोली मोजायची सळई, योनीच्या भिंतींना न लावता आत नेतात आणि गर्भाशयाच्या माथ्याला, म्हणजे वरच्या टोकाला, हलका अडथळा लागला की थांबतात. खोली साधारण साडेसहा ते नऊ सेंटिमीटर भरते. साडेसहाहून कमी असेल तर तांबी निसटण्याची शक्यता वाढते. सळई अनपेक्षितपणे खोल गेली आणि अडथळाच लागला नाही, तर तिथेच थांबायचं. भिंतीला भोक पडल्याची ती शंका आहे.

तांबी पाकिटात असतानाच, बाहेरूनच बोटांनी हाताळून, तिचे हात खाली दुमडून बसवायच्या नळीत सरकवतात. हातांची टोकं अडकतील इतकीच आत घ्यायची. प्लॅस्टिकला आपला आकार आठवतो, पण फार वेळ दुमडून ठेवलं तर तेही विसरतं. म्हणून बसवण्याआधी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ हात नळीत ठेवायचे नाहीत. ‘आधीच भरून ठेवते, मग बाईंना आत घेते’ ही सोय महागात पडते; आत गेल्यावर हात पुरते उघडत नाहीत. नळीवरची निळी चकती साउंडने दाखवलेल्या मापावर आणतात. ती चपटी असते आणि तांबीच्या हातांशी एका पातळीत ठेवायची असते. पोकळी चपटी आहे ना, मग हात डावी-उजवीकडेच उघडायला हवेत. आत काय चाललंय ते दिसत नाही. बाहेर आडवी राहिलेली चकतीच त्याचा भरवसा देते.

नळी आत जाते, चकती तोंडाला टेकते. यापुढचे काही क्षण या सगळ्या कामाचा गाभा आहेत. एका हाताने नळीच्या आतली पांढरी दांडी अगदी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नळी मागे, आपल्याकडे ओढायची. नळी सरकली की हात मोकळे होऊन उघडतात. दांडी पुढे ढकलायची नाही. ढकललं की उभा दांडा भिंतीत घुसतो, आणि तांबी भिंतीत रुतण्याचं किंवा पार जाण्याचं हे ठळक कारण आहे. हात उघडल्यावर नळी पुन्हा अलगद वर नेतात, माथ्याचा अडथळा जाणवेपर्यंत. या छोट्या धक्क्याने तांबी माथ्याला लागते. अनेकजण हा धक्का गाळतात आणि तांबी सेंटिमीटरभर खाली राहते. खाली राहिलेली तांबी गर्भाशयाच्या तोंडाकडे सरकते, कळा आणते आणि निसटून येते.

आधी पांढरी दांडी पूर्ण बाहेर, मग नळी. दोन्ही एकत्र ओढल्या तर दोरा मध्ये चिमटतो आणि नुकती बसवलेली तांबी खाली खेचली जाते. शेवटी दोरे तोंडापासून तीन-चार सेंटिमीटरवर कापतात. फार आखूड कापले तर टोचतात आणि पुढे सापडत नाहीत.

हे सारं काही मिनिटांत होतं, पण ते दुखतं. व्हल्सेलम लावताना, साउंड आत जाताना आणि हात उघडताना कळ येते. काहींना चक्कर येते, नाडी मंद होते. म्हणून लगेच उठवू नये. वेदनेबद्दल ‘बाळंतपण सोसलं, हे काय’ असं बाईला ऐकवणं मला क्रूर वाटतं. गर्भाशयाच्या तोंडाभोवती बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन देता येतं, आणि प्रत्येक पायरीआधी ती सांगण्यानेही फरक पडतो.

बाळंतपणानंतर लगेच बसवायची असेल तर पद्धत बदलते. वार पडल्यावर दहा मिनिटांत, नाहीतर ४८ तासांच्या आत. ती वेळ टळली तर आपल्याकडे सहा आठवडे थांबतात. या वेळी गर्भाशय इतकं मोठं असतं की नेहमीची नळी माथ्याला पोचत नाही. लांब चिमट्यात तांबी धरून नेतात आणि दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भाशय वर ढकलतात. असं केलं नाही तर खालचा ढिला भाग वाकलेला राहतो, चिमटा तिथेच अडतो आणि माथा आल्याचा भास होतो. सिझेरियनमध्ये तर तांबी हातानेच माथ्याशी ठेवता येते. दोरे सुरुवातीला दिसत नाहीत. गर्भाशय आकसत जाईल तसे खाली उतरतात. या पद्धतीत तांबी निसटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये.

भोक पडण्याचा धोका हजारात साधारण एक इतका आहे. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत तांब्याच्या साधनांसाठी तो हजारात १.१ निघाला, पण बसवताना अंगावर पाजत असलेल्या स्त्रियांमध्ये तो सुमारे सहापट होता. पण तेवढ्यावरून अंगावर पाजणाऱ्या आईला तांबी नाकारू नये. तिची तपासणी आणि साउंड मात्र अधिक हळुवार हाताने करावेत. जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या २० दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर पुष्कळ उतरतो. तेव्हा प्रश्न मुख्यतः बसवतानाच्या स्वच्छतेचा आणि आधीपासून असलेल्या संसर्गाचा असतो.

पाळीला अंगावरून जास्त जाणं ही मात्र नीट बसलेल्या तांबीचीही तक्रार आहे. पहिले तीन ते सहा महिने ते जाणवतं, मग बहुतेकींचं कमी होतं. तोवर पाळीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड घेता येतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन पाहणं आणि गरज असेल तर लोहाच्या गोळ्या देणं, हे बसवण्याचाच भाग मानायला हवं. अंगावरून फारच जात असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी ‘टी’ हा पर्याय आहे. तिने रक्तस्राव उलट कमी होतो.

दोरे लागत नाहीत म्हणून तांबी छातीत चढली, ही भीती खेड्यांत अजून आहे. गर्भाशयातून छातीकडे जाणारी वाटच नाही. दोरे बहुधा तोंडाच्या आत वर गुंडाळलेले असतात. आधी गरोदरपणाची चाचणी, मग सोनोग्राफी, आणि तिथेही दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे, या क्रमाने शोध घेतात. तांबी असताना दिवस गेलेच, तर गर्भ नलिकेत नाही ना हे आधी पाहायचं. तीव्र पोटदुखी, ताप, घाण वासाचा स्राव किंवा चुकलेली पाळी यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दवाखान्यात जावं.

काढणं सोपं असतं. चिमट्याने दोन्ही दोरे धरून एकसारखं, सावकाश ओढायचं; हात वर दुमडतात आणि तांबी बाहेर येते. झटका दिला तर दोरा तुटतो. पाळीच्या चक्रात कुठल्याही दिवशी काढता येते, आणि मूल होण्याची क्षमता लगेच परत येते. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर जुनी काढून त्याच वेळी नवी बसवता येते. मध्ये पाळी येण्याची वाट पाहावी लागत नाही.