हेडफोन का जुळत नाही: ब्लूटूथच्या तक्रारींची कुळकथा

वायरलेस हेडफोन फोनला किंवा लॅपटॉपला जुळेनासा झाला की मिळणारे सल्ले ठरलेले असतात. ब्लूटूथ बंद करून चालू करा, यादीतून काढून टाका आणि पुन्हा पेअर करा, घरातल्या दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. बऱ्याचदा त्यांचा उपयोगही होतो. तो का होतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या प्रत्येक तक्रारीला एक जन्मसाल आहे. एका मोबाइलला एक हेडसेट बिनतारी जोडावा आणि त्यावर बोलता यावं, एवढ्यासाठी जी यंत्रणा आखली गेली, तिच्याकडून आपण आज गाणी, सिनेमे, ऑनलाइन बैठका आणि गेम अशी सगळी कामं करून घेतो, तीही दोन-तीन उपकरणांवर आलटून पालटून. मूळ आखणीत जे नव्हतं ते नंतर जोडत नेलं, आणि अडचणी बहुतेक त्या जोडांवरच येतात.

सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथली. एरिक्सन कंपनीच्या मोबाइल विभागात निल्स रिडबेक यांच्या पुढाकाराने कमी अंतराच्या रेडिओजोडणीचा विचार सुरू झाला होता. १९९४ साली याप हार्टसेन हे डच अभियंते तिथे आले आणि स्वेन मॅटिसन यांच्यासोबत त्यांनी या जोडणीचा पाया घातला. रेडिओ स्वस्त हवा, बॅटरी कमी खाणारा हवा आणि परवान्याशिवाय कुठल्याही देशात चालणारा हवा, अशा अटी होत्या. १९९८च्या मे महिन्यात एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ब्लूटूथचा गट जाहीर केला. पहिली तपशीलवार मानकं १९९९ साली आली. (नावामागची डॅनिश राजाची गोष्ट सगळीकडे सापडते, ती इथे पुन्हा नको.)

परवाना नको, या अटीने जागा ठरवून टाकली: रेडिओलहरींचा २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा. उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेला हा भाग. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने इथे विशिष्ट पद्धतीने, परवान्याविना संदेशवहन करायला मोकळीक दिली आणि पुढे वाय-फायही इथेच आलं. म्हणजे ब्लूटूथने घर थाटलं तेच गर्दीच्या ठिकाणी.

गर्दीत टिकायचा उपाय म्हणजे एका जागी थांबायचंच नाही. मूळ ब्लूटूथ या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ भाग करतं आणि जोडलेली दोन्ही उपकरणं ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १,६०० वेळा भाग बदलत राहतात. एका भागात गोंगाट असला तरी पुढच्या क्षणी दोघंही दुसरीकडे असतात. ही उड्या मारण्याची कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशाच एका योजनेचं पेटंट मिळालं होतं. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ वारंवारिता होत्या. ‘ब्लूटूथचा शोध लामारने लावला’ असं जे फिरत असतं ते मात्र फारच ताणलेलं आहे. हे तत्त्व अनेकांनी अनेक ठिकाणी वापरलं, आणि तत्त्वापासून खिशात मावणाऱ्या स्वस्त चिपपर्यंतचं अंतर फार मोठं होतं.

पहिल्या आवृत्तीत एक उणीव होती. उड्या आंधळ्या होत्या. वाय-फायचा एक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे ७९पैकी साधारण पाव भाग तो व्यापतो, आणि ब्लूटूथ पुन्हा पुन्हा त्याच्यावर जाऊन आपटायचं. २००३च्या १.२ आवृत्तीत यावर उतारा आला: कोणते भाग सतत बिघडतात याची नोंद ठेवायची आणि ते वगळून बाकीच्यांतच उड्या मारायच्या. आजही आवाज तुटत असेल तर राउटर ५ गीगाहर्ट्झवर न्यायला सांगतात ते यासाठीच. ब्लूटूथला वगळावे लागणारे भाग तेवढे कमी होतात.

संगणकाजवळ आवाज तुटण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी जणांच्या ध्यानात येतं. २००८ साली यूएसबी ३.० आलं. त्याच्या वेगवान डेटामुळे होणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, हे इंटेलनेच २०१२ साली एका टिपणात मोजून दाखवलं. बाहेरची हार्ड डिस्क एका पोर्टमध्ये आणि शेजारच्या पोर्टमध्ये बोटाच्या पेराएवढा ब्लूटूथ डोंगल (संगणकाला ब्लूटूथ देणारा, पोर्टमध्ये खोचायचा तुकडा), अशी मांडणी असेल तर हेडफोनला दोष देण्यात अर्थ नाही. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब नेला की बरेचदा काम भागतं.

आता पेअरिंग. पहिल्या काही वर्षांत दोन्ही उपकरणांवर एकच पिन टाकावा लागे. पण हेडसेटला ना पडदा, ना आकड्यांची बटणं. म्हणून उत्पादकांनी पिन कारखान्यातच ठरवून टाकला, बहुतेक ठिकाणी ००००, काही ठिकाणी १२३४. सुरक्षितता नावापुरतीच राहिली. २००५ साली यानिव्ह शाकेद आणि अविशाय वूल या संशोधकांनी पेअरिंगचे संदेश ऐकून चार आकडी पिन सेकंदापेक्षा कमी वेळात काढता येतो हे दाखवून दिलं. २००७च्या २.१ आवृत्तीने पिनची पद्धत बदलली. दोन्ही उपकरणं गणिताने आपापसात एक गुप्त किल्ली तयार करतात, आणि हेडफोनसारख्या पडदा नसलेल्या वस्तूंसाठी माणसाला काहीच टाकावं लागत नाही. जुना हेडसेट अजूनही पिन मागतो आणि नवा मागत नाही, यातला फरक एवढाच.

ही किल्ली दोन्हीकडे साठवली जाते, आणि ‘काढून टाका, पुन्हा पेअर करा’ या सल्ल्याचं मूळ इथे आहे. हेडफोन रिसेट केला की त्याच्याकडची किल्ली पुसली जाते, फोनकडची तशीच राहते. मग फोनच्या यादीत नाव दिसतं, दाबलं की क्षणभर ‘कनेक्ट होत आहे’ असं येतं आणि जोडणी गळून पडते, कारण एकाच्या हातातली किल्ली दुसऱ्याला ओळखीची नाही. हेडफोनमध्ये किल्ल्यांसाठी जागाही थोडीच असते. नवीन उपकरणं जोडत गेलं की सगळ्यात जुन्याची किल्ली गुपचूप जाते. म्हणून नोंद दोन्ही बाजूंनी पुसायची असते. नुसती फोनवरून काढून भागतंच असं नाही.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असणाऱ्यांना याच किल्लीपायी भलताच त्रास होतो. ब्लूटूथ चिप एकच, तिचा पत्ता एकच, पण प्रत्येक प्रणाली पेअरिंग करताना आपली वेगळी किल्ली बनवते. हेडफोनच्या लेखी तो एकच संगणक असल्याने तो जुनी किल्ली टाकून नवी ठेवतो. विंडोजमध्ये पेअर केलं की लिनक्समधलं तुटतं, तिकडे केलं की इकडचं. एका प्रणालीतली किल्ली दुसरीत हाताने नेऊन ठेवणं हाच खात्रीचा मार्ग, आणि जाणकार मंडळी तो वापरतात.

नवा हेडफोन यादीत दिसतच नाही, ही तक्रारही आखणीतूनच येते. चालू असणं आणि इतरांना दिसणं या ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकदा ओळख झाली की हेडफोन चालू होताच आधीच्या सोबत्याला हाक मारतो आणि बाकीच्यांपासून लपून राहतो. यात बॅटरीही वाचते आणि अनोळखी उपकरणंही दूर राहतात. पण शेजारच्या खोलीतल्या जुन्या फोनचं ब्लूटूथ चालू असेल, तर हेडफोन त्याच्याशी जोडला जातो आणि हातातला फोन बघत बसतो. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करायचं, मग हेडफोनचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, एवढंच करावं लागतं.

सगळ्यात जास्त छळणारी तक्रार मात्र आवाजाच्या दर्जाची आहे. हेडफोनवर गाणं छान वाजत असतं, संगणकावर बैठक सुरू होते आणि त्याच क्षणी आवाज जुन्या टेलिफोनसारखा चेपका, खरखरीत होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला मूळचा, हेडसेटवर बोलण्यासाठीचा: दोन्ही दिशांनी आवाज, पण सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, म्हणजे टेलिफोनइतकाच दर्जा. १९९९ साली ते पुरेसं होतं, कारण पलीकडे फोनच असायचा. दुसरा रस्ता २००३च्या सुमाराला आला, एटूडीपी नावाचा. तो गाण्यांसाठी, स्टिरिओ आणि बऱ्या दर्जाचा, पण एकाच दिशेने जाणारा. त्यात मायक्रोफोनला जागाच नाही. त्यामुळे एखाद्या ॲपने हेडफोनचा माइक मागितला की संगणकाला गाण्याचा रस्ता सोडून बोलण्याच्या रस्त्यावर यावं लागतं. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत एकाच हेडफोनच्या ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नोंदी दिसत, त्या या दोन रस्त्यांच्या. चुकीची निवडली की गाणीही खरखरीत वाजत, आणि लोक दुकानदाराशी भांडत.

२०११ साली बोलण्याच्या रस्त्याचा दर्जा दुप्पट झाला, नमुने १६,००० झाले. बोलणं स्पष्ट झालं, पण संगीत ऐकण्याजोगं नाही. संगणकावर आजही सगळ्यात चांगला उपाय साधा आहे: बैठकीच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. मग दुसऱ्या रस्त्यावर जायची गरजच पडत नाही. माझ्या मते ही सूचना हेडफोनच्या खोक्यावर छापायला हवी.

संगणकाच्या वाट्याला अडचणी जास्त येतात त्यालाही इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या २००४ सालच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ब्लूटूथ आलं, पण हेडफोनवर आवाज पोचवायची सोय त्यात नव्हती. ती विडकॉम, ब्लूसोलेल, तोशिबा अशा वेगवेगळ्यांच्या सॉफ्टवेअरमधून घ्यावी लागे आणि एकाच संगणकावर दोन आले की ते चिपसाठी भांडत. फोनमध्ये चिप, प्रणाली आणि सॉफ्टवेअर एकाच उत्पादकाने एकत्र तपासलेलं असतं. संगणकात चिप एकाची, ती चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर दुसऱ्याचा, प्रणाली तिसऱ्याची. फोनवर सरळ चालणारा हेडफोन लॅपटॉपवर अडला तर आधी ड्रायव्हरकडे बघावं ते यामुळे.

२०१६ साली ॲपलने आयफोन ७मधून हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं जॅक काढलं, त्याच वर्षअखेरीस एअरपॉड्स विक्रीला आले, आणि ब्लूटूथ हेडफोन ही आवडीची वस्तू गरजेची झाली. दोन सुटे इअरबड ही तर मूळ आखणीच्या बाहेरचीच गोष्ट, कारण एटूडीपीला एकच श्रोता ठाऊक. सुरुवातीच्या अनेक जोड्यांत एक बड फोनकडून आवाज घेई आणि दुसऱ्याला पाठवी. मध्ये आपलं डोकं, आणि शरीरातलं पाणी या वारंवारिता शोषून घेतं. एका कानातला आवाज मध्येच जाणं, एका बडची बॅटरी आधी संपणं, फोन मागच्या खिशात ठेवला की तुटणं, हे सगळं त्यातून आलं. चिपनिर्मात्यांनी आपापल्या युक्त्या काढल्या; दुसऱ्या बडने फोनचे संदेश थेट ऐकावेत अशी सोय बऱ्याच जणांनी केली. दोन बडची आपसातली ओळखच मोडली आणि एकच वाजू लागला, तर दोन्ही चार्जिंगच्या डबीत ठेवून रिसेट करायला सांगतात. ती या जोडीची पुन्हा गाठ मारण्याची रीत.

पेअरिंगही याच काळात सोपं झालं. ॲपलच्या खात्यातून ओळख इतर उपकरणांवर आपोआप पोचू लागली. गूगलने २०१७ साली फास्ट पेअर आणलं. डबी उघडली की पडद्यावर चित्र येतं ते यातून. पण या सोयी त्या त्या कंपनीच्या कुंपणातल्या. कुंपणाबाहेरच्या संगणकाशी जोडायचं तर बटण दाबून धरण्याची जुनीच पद्धत, आणि ते बटण डबीच्या मागे कुठे आहे हे शोधण्यात लोकांची संध्याकाळ जाते.

मुळातून नवी आखणी २०२०च्या ५.२ आवृत्तीपासून सुरू झाली. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत दोन्ही कानांना स्वतंत्र पण एकाच तालात प्रवाह जातो, आवाजाचा डेटा लहान करण्याची एलसी३ नावाची नवी पद्धत वापरली जाते आणि माइक चालू असतानाही चांगला दर्जा राखता येतो. अँड्रॉइडमध्ये ती १३व्या आवृत्तीसोबत, २०२२ साली आली, विंडोज ११मध्ये पुढच्या वर्षी. पण चिप, ड्रायव्हर, प्रणाली आणि हेडफोन या चौघांनाही ती यावी लागते. एकाला येत नसेल तर सगळे निमूटपणे जुन्या रस्त्यावर जातात आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. संक्रमणाचा हा काळ असल्याने दोन्ही पद्धती येणारा हेडफोन काही वेळा यादीत दोनदा दिसतो. बऱ्याच हेडफोनच्या ॲपमध्ये एलई ऑडिओचा वेगळा स्विच असतो. तो चालू केल्यावर जुना लॅपटॉप जुळेनासा झाला, तर स्विच बंद करून दोन्हीकडच्या नोंदी पुसाव्या लागतात आणि पेअरिंग पहिल्यापासून करावं लागतं.