रोटरी इंजिनची गाडी घेताय? मग ती गरम करूनच बघा

इंग्लंडमध्ये सेकंडहँड स्पोर्ट्स कार शोधायला बसलात की थोड्या वेळात माझदा आरएक्स-८ समोर येतेच. चार माणसं बसतील अशी, मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे, ९००० आरपीएमपर्यंत पळणारं रोटरी इंजिन, आणि किंमत बघावी तर त्याच वयाच्या एखाद्या साध्या हॅचबॅकएवढी. आपला माणूस लगेच म्हणणार, काहीतरी घोळ आहे. आहेच. जाहिरातीत हटकून लिहिलेलं असतं की कडाक्याच्या थंडीतसुद्धा हाफ सेल्फमध्ये चालू होते. छानच, पण रोटरी इंजिन थकायला लागलं की ते आधी गरम असताना कुरकुरतं, थंडीत नाही, त्यामुळे त्या वाक्यावरून काहीच ठरत नाही. ही गाडी बघायची पद्धतच वेगळी आहे, आणि ती तशी का आहे हे कळायला इंजिनाच्या पोटात जावं लागतं.

भारतात माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाचा टेम्पो नाहीतर शाळेची मिनीबस आठवते. कंपनीच्या कार आपल्याकडे शोरूमला कधी आल्याच नाहीत, त्यामुळे हे सगळं मुख्यतः तिकडे राहणाऱ्यांच्या कामाचं. बाकीच्यांनी इंजिनाच्या मजेसाठी वाचा.

साध्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो. ६००० आरपीएमला हे थांबणं सेकंदाला २०० वेळा होतं, आणि दरवेळी तो धातूचा गोळा अडवून उलटा फिरवायचा म्हणजे हादरे आलेच. रोटरीत पिस्टनच नाही. बाहेर एक कवच असतं, आकार साधारण भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा, मध्ये जरासा चिमटलेला, आणि आत फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर असा फिरतो की त्याचे तिन्ही कोपरे कायम भिंतीला टेकलेले राहतात. त्यामुळे रोटरच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यात तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरेल तसे ते लहानमोठे होत पुढे सरकतात. एका जागी हवा-पेट्रोल आत येतं, पुढे ते दाबलं जातं, त्याच्या पुढे ठिणगी पडते, शेवटी धूर बाहेर. व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. दोन रोटर आणि मधून जाणारा एक शाफ्ट, हलणारे मोठे भाग एवढेच.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. शाफ्ट तीन वेळा फिरतो तेव्हा रोटर एकदाच फिरतो, म्हणजे काटा ९००० दाखवत असतो तेव्हा रोटर आत निवांतपणे ३००० नेच फिरत असतात. इंजिन रडत का नाही याचं हे एक कारण. इतकं रडत नाही की आरएक्स-८ मध्ये रेडलाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेच्या, जरा अलीकडे बीप वाजवायची सोय करावी लागली, कारण नुसत्या कानाने गिअर बदलायची वेळ झाली हे समजत नाही.

मग १३०८ सीसी म्हणतात ते काय? एका कप्प्याचं माप ६५४ सीसी, रोटर दोन, म्हणून १३०८. पण शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन्ही रोटर एकेकदा पेटतात, आणि साध्या फोर-स्ट्रोक इंजिनला सगळे सिलिंडर पेटवायला दोन फेऱ्या लागतात, म्हणजे त्या हिशोबाने हे २.६ लिटरचं काम करतं. जपानच्या टॅक्सवाल्यांनी मधला मार्ग काढला, रोटरीच्या सीसीला दीडने गुणायचं. पेट्रोल मात्र गाडी स्वतःच्या हिशोबाने पिते. अॅव्हरेज किती, हा आपला पहिला प्रश्न असतो, तर लिटरला साताठ किलोमीटर, आणि पाय जड असेल तर त्याहून कमी.

हे पेट्रोल जातं कुठे? ठिणगी पडते तेव्हा कप्पा गोल आणि आटोपशीर नसतो, लांबट आणि चपटा असतो, आणि शिवाय सरकतही असतो. भिंतीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जाते, आणि आग मागच्या टोकापर्यंत पोचायच्या आत बराच वेळ निघून जातो. म्हणून प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, एक पुढचा, एक मागचा, तरी थोडं इंधन अर्धवट जळालेलं बाहेर पडतंच. म्हणून धूर फार तापतो, म्हणून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मरतो, म्हणून यूकेत दरवर्षीच्या एमओटी तपासणीत गाडी एमिशनला नापास होते. एका भूमितीतून ही सगळी साखळी निघते. ज्या गाडीचा नंबर मिळालाय तिची एमओटी हिस्टरी सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येते, ती आधी बघा, एमिशनचे शेरे दिसले तर मालकाला विचारायचे प्रश्न घरबसल्या तयार होतात.

आता दुखणं. साध्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, धरायला पिस्टन रिंगा असतात, गोल आणि चांगल्या टेकलेल्या. रोटरीत प्रत्येक कोपऱ्यावर ८० मिमी लांब आणि २ मिमी जाड अशी धातूची एक पट्टी असते, अपेक्स सील, तिच्यामागे स्प्रिंग, आणि ती भिंतीवर घासत फिरत राहते. बाजूंना साइड सील, कोपऱ्यांत कॉर्नर सील, ते वेगळेच. वर पंचाईत अशी की कवचाचा एक भाग कायम थंड हवा-पेट्रोल घेतो आणि दुसरा भाग कायम आगीत असतो, त्यामुळे कवच सगळीकडे सारखं तापत नाही, आणि सीलला दर फेरीत थंड-गरम दोन्ही भिंतींवरून जावं लागतं. या पट्ट्यांना तेल मिळावं म्हणून इंजिन मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि ते जळून जातं. म्हणून मालक अभिमानाने म्हणाला की आमची गाडी तेलाचा थेंब खात नाही, तर खुश होऊ नका, तेल सोडणारा पंप नीट चालतो का ते विचारा. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघणारा मालक भेटला तर तो निम्मी खात्री.

हे सीलचं भूत पहिल्यापासून मानगुटीवर आहे. हे इंजिन शोधणारा फेलिक्स वँकेल, जन्म १९०२, जर्मनीतल्या लार गावचा, इंजिनिअरिंगची डिग्री नाही, नजर इतकी अधू की ड्रायव्हिंग लायसन्स कधी नव्हतंच, आणि गंमत म्हणजे त्याचा आधीचा अभ्यास सीलिंगचाच होता. एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं इंजिन चाललं, १९६७ मध्ये त्यांनी रो ८० ही देखणी गाडी काढली, तिला पुरस्कारही मिळाला, आणि मग सील झिजून इंजिनं परत यायला लागली ती इतकी की वॉरंटीच्या खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पोटात गेली. हिरोशिमाच्या माझदाने १९६१ मध्येच लायसन्स घेतलं होतं. तिथे केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ जणांच्या टीमला कवचाच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे सापडले, त्यांना ते सैतानाची नखं म्हणायचे. सील भिंतीवर नुसतं घासत नव्हतं, थरथरत उड्या मारत होतं. मग सीलला भोकं पाडून त्याची कंपनं बदलून बघितली, शेवटी कार्बन आणि अॅल्युमिनियमचं मिश्र सील वापरून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली. १९९१ मध्ये चार रोटरवाल्या ७८७बी या माझदाच्या रेसकारने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची रेस जिंकली. चोवीस तास रेसमध्ये टिकणारं इंजिन आपल्या मालकाच्या घरी दहा वर्षं का टिकत नाही, असं कुणीही विचारेल. उत्तर सोपं आहे, रेसमध्ये ते सतत गरम, सतत पळतं आणि नंतर उघडून बघितलं जातं. घरी त्याला दुधाची पिशवी आणायला दोन मिनिटं चालवून बंद करतात.

आणि रोटरीला नेमकं तेच सोसत नाही. थंड इंजिन चालू होताना जादा पेट्रोल आत येतं, गाडी गॅरेजमधून दारात काढली आणि लगेच बंद केली की ते पेट्रोल आतच राहतं, सीलवरचा तेलाचा थर धुतला जातो, कॉम्प्रेशन पडतं, प्लग ओले होतात आणि पुढच्या वेळी गाडी नुसती घुर्र घुर्र करत बसते. याला फ्लडिंग म्हणतात. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की आरएक्स-८ पेट्रोल सोडायचं थांबवते, त्याने बऱ्याचदा काम होतं, मग पांढऱ्या धुराचा ढग आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात.

माझ्या ओळखीचा एक पोरगा नॉटिंगहॅमला असतो, मूळचा कोल्हापूरचा, शिरोलीच्या फाउंड्रीत वाढलेला म्हणावं असा, मशीनचा आवाज ऐकून नखरे ओळखणारा. त्याच्याबरोबर अशीच एक लाल आरएक्स-८ बघायला गेलो होतो. मालक म्हणाला, तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवलीये. पोरगा मला म्हणाला, "दादा, आपण मग चहा घेऊन येऊ, थंड होऊ दे, थंड-गरम दोन्ही बघू." गेलो, बसलो, परत आलो. बॉनेटवर हात ठेवून बघितला, मग चालू केली. थंड स्टार्ट ठीक. पंधरा-वीस मिनिटं काहीही न करता शांत चालवली, तेल गरम व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कमी आरपीएमला दम नाही म्हणतात ते खरंच, टॉर्क कमाल २११ न्यूटन-मीटर आणि तोही ५५०० ला, त्यामुळे डिझेलची सवय असलेल्याला वाटतं हँडब्रेक लागलाय. मग ड्युअल कॅरेजवेला, म्हणजे दुभाजकाच्या रस्त्याला, लागलो आणि त्याने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. दुसऱ्यात ९००० म्हणजे १०५ किलोमीटरच्या आसपास, तिथली मर्यादा ७० मैल म्हणजे ११२, कायद्यात बसून रेडलाइन बघता येते अशा गाड्या थोड्याच. हे नुसतं हौस म्हणून करायचं नसतं. सहा गिअरच्या मॉडेलला इनटेकचे जादा पोर्ट, म्हणजे हवा आत यायची जादा तोंडं, टप्प्याटप्प्याने उघडतात, त्या वाटेवरच्या झडपा कार्बनने अडकल्या असतील तर वर जीव जातो. ही वर सरळ चढत गेली, बीप वाजला. ठिणगी देणाऱ्या कॉइलपैकी एखादी गेली असती तर इथेच अडखळली असती.

खरी परीक्षा त्यानंतर. पेट्रोल पंपावर गाडी बंद केली, दहाएक मिनिटं तशीच ठेवली. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, उष्णता आतच मुरते, तेल पातळ होतं, आणि सीलच्या बारीक फटी भरून काढणारा तेलाचा थर आता उपयोगाचा राहत नाही. सील चांगले असतील तर गाडी एका दमात सुरू होते, झिजले असतील तर स्टार्टर फिरत राहतो. मालक कौतुकाने म्हणाला, नवीन जास्त ताकदीचा स्टार्टर बसवलाय. पोराने माझ्याकडे बघितलं. स्टार्टर जोरात फिरवला की कमी कॉम्प्रेशनवरही इंजिन पेटतं, म्हणजे नवीन स्टार्टर ही चांगली गोष्ट असली तरी ती आजार झाकूही शकते. ही सुरू झाली, पण जरा रेंगाळून.

म्हणून मग कॉम्प्रेशन टेस्ट. ती साध्या गॅरेजच्या गेजने करू नका, साधा गेज सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो आणि रोटरीत एकाच प्लगसमोरून तीन कप्पे जातात, दोन मेलेले आणि एक चांगला असला तरी गेज चांगलाच आकडा दाखवेल. रोटरीचा टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन असे एकूण सहा आकडे देतो, आणि स्टार्टर किती वेगाने फिरला तेही सांगतो, कारण आकडे २५० आरपीएमला आणून मगच वाचायचे असतात. नवीन इंजिन ८.३ बारच्या आसपास, कंपनीची खालची मर्यादा ६.८, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत दीड बारपेक्षा जास्त फरक नको. आकड्यांची मांडणी बघायला शिका, त्यात सगळी कुंडली असते. तिन्ही सारखे पण कमी, म्हणजे एकूण झीज. शेजारचे दोन पडलेले आणि तिसरा ठीक, म्हणजे त्या दोघांच्या मधलं अपेक्स सील गेलं, कारण एक सील दोन कप्प्यांना सामायिक असतं. एकच पडला असेल तर साइड सीलवर संशय. लाल गाडीचा पुढचा रोटर ७.४ च्या आसपास सारखा निघाला, मागचा ६.६ ते ६.९. तुटलेलं काही नाही, पण आयुष्य सरत आलेलं.

अशा वेळी गाडी सोडायची का? तसं नाही, हिशोब बदलायचा. रीबिल्डला, म्हणजे इंजिन उघडून नव्याने बांधायला, सील, स्प्रिंगा, गॅस्केट लागतात ते ठीक, पण कवचाच्या आतला क्रोमचा थर उखडला असेल तर कवच बदलावं लागतं आणि खर्च सहज गाडीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून मर्यादेवर आलेली गाडी रीबिल्डचा खर्च वजा करून मागायची, मालक नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. बजेट असेल तर २००८ नंतरची आर३, म्हणजे याच गाडीचं नंतरचं मॉडेल, बघा, तिच्यात प्रत्येक रोटरला तेलाचे दोनऐवजी तीन नोझल आहेत, सीलच्या मधल्या भागालाही तेल मिळतं. पण रोड टॅक्सकडे लक्ष ठेवा, यूकेत २३ मार्च २००६ च्या आधी रजिस्टर झालेल्या जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना खालचा टप्पा लागतो, नंतरच्यांना वरचा, आणि दोघांत वर्षाला चांगलीच तफावत आहे. आम्ही बघितलेली लाल गाडी २००५ ची होती. त्याने सहा आकड्यांचा कागद मालकासमोर ठेवला, मागितल्यापेक्षा बराच खालचा भाव सांगितला, मालकाने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून हो म्हणाला.