कॅरेक्टर डिझाइन

चित्रपुस्तक, कॉमिक्स, ॲनिमेशन किंवा व्हिडिओ गेम यांतील पात्राचे दृश्य रूप ठरवण्याची कला. पात्राची अंगकाठी, चेहरा, केस, पोशाख, रंग, उभे राहण्याची ढब आणि भाव दाखवण्याची रीत हे सगळे तिच्यात येते. एक सुंदर चित्र हाती आले म्हणजे हे काम संपत नाही. तेच पात्र पुढे शेकडो चौकटींत, निरनिराळ्या कोनांतून, कधी पानभर तर कधी नखाएवढे काढावे लागते. पुष्कळदा ते दुसराच चित्रकार काढतो. म्हणून पात्र पाहताक्षणी ओळखू आले पाहिजे आणि पुन्हा तसेच काढता आले पाहिजे, या दोन कसोट्या लावल्या जातात. शिकणाऱ्याचे लक्ष सहसा पहिलीकडे असते. दुसरीची जाणीव काम अडल्यावर होते.

सरावाचा पाया

शिकण्याची सुरुवात माणसे आणि प्राणी समोर पाहून काढण्यापासून होते. जेश्चर ड्रॉइंग, म्हणजे शरीराची हालचाल झटपट रेषांत पकडणे, हा त्यातला रोजचा रियाझ. ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटे आणि शेवटी ५ मिनिटे अशा चढत्या क्रमाने पोझ घेतात. ३० सेकंदांत फक्त शरीराचा मुख्य ओघ, भार कोणत्या पायावर आहे आणि त्यामुळे खांदे व कंबर विरुद्ध दिशांना किती कलली आहेत एवढेच टिपायचे. चेहरा, बोटे, कपडे यांना हात लावायचा नाही. ५ मिनिटांच्या पोझमध्ये छातीचा पिंजरा आणि कटी हे दोन ठोकळे धरून त्यांवर हातपाय बसवायचे. या सरावात खोडरबर दूर ठेवलेले बरे, कारण खोडत बसले की डोळा समोरच्या माणसाकडून कागदाकडे वळतो.

दुसरा सराव घनाकृतींचा. गोळा, ठोकळा आणि दंडगोल हे आकार कोणत्याही कोनात फिरवून काढता आले पाहिजेत. सपाट रेषांत रचलेले पात्र समोरून छान दिसते, पण मान वळवायची वेळ आली की त्याचे नाक कुठे जाते हे खुद्द त्याच्या चित्रकाराला सांगता येत नाही. शरीररचनेचे ज्ञान मात्र बेताचे पुरते: सांधे कुठे वाकतात, कोणत्या बाजूला किती वाकतात आणि स्नायूंचे मोठे पुंजके कुठे आहेत, एवढे पक्के असले की काम भागते.

इतरांच्या पात्रांचा अभ्यासही करावा, पण तीन पायऱ्यांनी. आधी पाहून हुबेहूब उतरवणे, मग मूळ चित्र झाकून आठवणीने काढणे, आणि शेवटी तेच पात्र मूळ चित्रात नसलेल्या पोझमध्ये काढणे. तिसरी पायरी जमत नसेल तर फक्त रेषा पाठ झाल्या आहेत, रचना समजलेली नाही. अर्कचित्रांचा सराव याच्याइतकाच मोलाचा आहे. समोरच्या चेहऱ्यात सरासरीपेक्षा वेगळे काय आहे हे शोधून ते वाढवायचे, म्हणजे ‘सगळी पात्रे एकमेकांची भावंडे दिसतात’ हा सर्वांत सार्वत्रिक दोष हळूहळू सुटतो.

आकारांचा स्वभाव

गोल आकार मवाळ, चौकोनी भक्कम आणि टोकदार धोकादायक वाटतात, असा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. त्याला मानसशास्त्राचा आधारही मिळतो. मानसशास्त्रज्ञ व्होल्फगांग कोहलर यांनी १९२९ मध्ये एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून, कोणते निरर्थक नाव कोणत्या आकृतीचे असेल असे विचारले होते. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांच्या आधारे तोच प्रश्न पुन्हा मांडला. बहुसंख्य लोक ‘किकी’ हे नाव टोकदार आकृतीला देतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये बाळाच्या गोंडसपणाची लक्षणे मांडली: धडाच्या मानाने मोठे डोके, भव्य कपाळ, खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय. मिकी माउसचे रूप १९२८ नंतरच्या दशकांत याच दिशेने सरकत गेले. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ च्या एका लेखात त्याच्या डोक्याची व डोळ्यांची प्रत्यक्ष मापे घेऊन हे दाखवून दिले.

हा नियम मात्र आंधळेपणाने वापरू नये. सगळा खलनायक त्रिकोणांचाच केला तर पहिल्या पानावरच गुपित फुटते. एक प्रधान आकार आणि त्याला छेद देणारा एक दुय्यम आकार असे जोडल्यास स्वभावाला दुसरी बाजू मिळते: चौकोनी, रुंद धडावर लहानसे गोल डोके बसवले की ताकद आणि भाबडेपणा एकदम दिसतो.

वर्णनापासून थंबनेलपर्यंत

कामाची सुरुवात लेखी वर्णनाने होते. वय, व्यवसाय, सवयी, गोष्टीतले स्थान आणि पात्राला काय हवे आहे, हे पाचसहा ओळींत लिहून काढतात. ‘शूर मुलगी’ हे वर्णन चित्रकाराच्या कामाचे नाही. ‘उंच झाडांवर चढून मध काढणारी, डाव्या गुडघ्याची जुनी दुखापत लपवणारी मुलगी’ म्हटले की हातांची ठेवण, पट्टे, दोर आणि उभे राहण्याची पद्धत आपोआप सुचू लागते. मग रेफरन्स, म्हणजे पाहून काढण्यासाठीची संदर्भचित्रे, जमवायचे. ते इतर चित्रकारांच्या पात्रांचे असण्यापेक्षा खऱ्या वस्तूंचे असावेत: अवजारे, कापडाच्या घड्या, जोड्यांचे तळवे. दुसऱ्याच्या पात्रावरून उचललेला पट्टा नेमका कशाला अडकतो हे माहीत नसते आणि ती चूक मागच्या बाजूचे चित्र काढताना उघडी पडते.

यानंतर ३ ते ४ सेंटिमीटर उंचीची २० ते ३० थंबनेल, म्हणजे चिमुकली कच्ची रेखाटने, काढतात, प्रत्येकाला एक-दोन मिनिटे. साधन जाड ठेवावे, मार्कर किंवा ब्रश पेन. बारीक टोकाने काढू लागले की हात लगेच डोळ्यांच्या पापण्यांत अडकतो. पहिल्या आठदहा थंबनेलांत सर्वांना सुचणाऱ्या कल्पना निघून जातात. खरे वेगळेपण त्यानंतर येते, म्हणून संख्येत काटकसर करू नये.

निवड करताना छायाकृती, म्हणजे आतला सगळा तपशील काळा भरून उरणारी बाह्यरेषा, तपासतात. पात्राचे हात धडाच्या आत लपले असतील, अवजार शरीरासमोर धरलेले असेल किंवा दोन्ही पाय चिकटून असतील, तर काळ्या ठिपक्यातून काहीच कळत नाही. अशा वेळी दोष रचनेचा आहे की पोझचा, हे आधी ठरवावे. हात बाहेर काढून पाहूनही पात्र ओळखू येत नसेल तरच रचना बदलावी. एकाच कथेतील सर्व पात्रांच्या छायाकृती एका ओळीत शेजारी शेजारी ठेवून पाहणे ही तर फारच उपयुक्त तपासणी आहे.

अडचणीच्या मर्यादाही कधी रचना घडवतात. १९८१ च्या डाँकी काँग या गेमसाठी गेम डिझायनर शिगेरू मियामोतो यांनी मारिओ हा जो नायक काढला, त्याला फार थोडे पिक्सेल उपलब्ध होते. केस दाखवणे कठीण म्हणून टोपी आली, तोंड न काढता नाक उठून दिसावे म्हणून मिशी आली आणि हलणारे हात धडापासून वेगळे कळावेत म्हणून डंगरी आली. मारिओ ओळखू येतो तो अजूनही याच तीन गोष्टींमुळे.

प्रमाण आणि चेहरा

उंची डोक्यांत मोजतात. पूर्ण वाढ झालेला माणूस साधारण ७ ते साडेसात डोकी उंच असतो, महानायक ८ किंवा जास्त डोक्यांचा काढतात, नवजात बालक सुमारे ४ डोक्यांचे असते आणि चिबी या मोठ्या डोक्याच्या, बुटक्या पात्रांच्या जपानी शैलीतले पात्र २ ते ३ डोक्यांत बसते. हा आकडा एकदा ठरला की पात्राच्या मॉडेल शीटवर (तिच्याविषयी पुढे) लिहून ठेवावा. पानागणिक पात्र उंच किंवा बुटके होत जाण्याचे मुख्य कारण हेच, की माप कुठेच नोंदलेले नसते.

चेहऱ्यात नवशिके डोळे कपाळाकडे वर सरकवतात. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. मध्य बदलायचा असेल तर मुद्दाम बदलावा. दोन पात्रांत फरक करायचा तर केस आणि डोळ्यांचा रंग बदलून भागत नाही. टक्कल करून, काळ्या-पांढऱ्यात पाहूनही दोघे वेगळे दिसले पाहिजेत. जबड्याची रुंदी, डोळ्यांमधील अंतर, नाकाची लांबी, वरच्या ओठाची उंची यांपैकी निदान तीन मापे वेगळी हवीत.

पोशाख आणि रंग

तपशील सर्वत्र सारखा पसरला की नजर कुठेच ठरत नाही. एक जागा गजबजलेली, एक मध्यम आणि एक मोठी जागा मोकळी ठेवावी. गजबज चेहऱ्याजवळ किंवा हातांजवळ ठेवणे सहसा फायद्याचे. ॲनिमेशनमध्ये प्रत्येक बटण हजारो वेळा काढावे लागते, तेव्हा तिथे काटछाट आणखी कडक.

रंग ३ ते ५ पुरेत: एक व्यापणारा, एक जोडीचा आणि ठसठशीत उठावाचा एक अगदी थोड्या जागेत. रंगवण्याआधी आणि नंतर चित्र करड्या छटांत पाहावे. लाल सदरा आणि हिरवी विजार रंगात भांडतात, पण गडदपणा सारखा असला तर करड्यात एक होऊन जातात, आणि लांबून पात्र लोळागोळा दिसते.

मॉडेल शीट

पसंत पडलेली रचना इतरांच्या हाती देण्यासाठी मॉडेल शीट तयार करतात. तिचा गाभा म्हणजे टर्नअराउंड: समोरून, थ्री-क्वार्टर (समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून), बाजूने आणि मागून असे चार देखावे एका ओळीत. आधी समोरचे चित्र पूर्ण करून त्याच्या डोक्याचा माथा, डोळे, हनुवटी, खांदे, कंबर, जांघ, गुडघे आणि टाचा यांवरून पूर्ण कागदभर आडव्या रेषा ओढतात. पुढचा प्रत्येक देखावा त्याच रेषांवर बसवतात. पात्र सैल, सरळ उभे आणि हात धडापासून थोडे सुटे असावेत.

चुका ठरलेल्या जागी होतात. बाजूने काढताना डोके अरुंद होते. वास्तविक कवटीची रुंदी समोरून उंचीच्या साधारण दोनतृतीयांश असते, तर बाजूने ती उंचीच्या जवळ जाते, कारण डोक्याचा मागचा भाग समोरून दिसतच नाही. मान उभ्या खांबासारखी काढली जाते. ती खांद्यांतून पुढे झुकत वर येते. थ्री-क्वार्टरमध्ये चेहऱ्याची मध्यरेषा सरकवली तरी दूरचा डोळा जवळच्याइतकाच रुंद ठेवला जातो, आणि चेहरा पसरट होतो. समोर डाव्या खांद्यावर असलेली पिशवी मागच्या चित्रात उजवीकडे जाते, म्हणून एकतर्फी वस्तूंवर ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहूनच ठेवावे. केसांची टोके हा सर्वांत बेभरवशाचा भाग आहे. प्रत्येक बट कुठून उगवते हे डोक्यावर वरून पाहिलेल्या छोट्या आकृतीत दाखवल्याशिवाय ती चारही देखाव्यांत जुळत नाही. मिकीचे कान कोणत्याही कोनातून गोलच काढतात, म्हणजे त्यांना खरी खोली नाही. अशी जाणीवपूर्वक फसवणूक चालते, पण ती शीटवर नियम म्हणून नोंदलेली हवी.

याच्या जोडीला एक्स्प्रेशन शीट असते. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस या सहांपासून सुरुवात करतात, पण तेवढ्यावर थांबल्यास सगळी पात्रे एकाच साच्यातून हसतात. लाजरे पात्र दात झाकून हसेल, आढ्यतेखोर पात्राची एकच भुवई वर जाईल. भाव फक्त भुवया आणि ओठांत आणून भागत नाही. तोंड उघडले की जबडा खाली येऊन चेहरा लांबतो, हसताना गाल वर चढून खालची पापणी ढकलतात; हे न केल्यास भाव मुखवट्यावर चिकटवलेला वाटतो. हातांच्या चारपाच मुद्रा आणि इतर पात्रांच्या शेजारी उंची दाखवणारी एक ओळही शीटवर देतात.

शीट पुरी झाल्यावर ती दुसऱ्या चित्रकाराला द्यावी आणि तोंडी काहीही न सांगता पात्र बसलेले, धावलेले आणि वरून पाहिलेले असे तीन प्रकारे काढायला सांगावे. तो जिथे अडखळतो किंवा अंदाज बांधतो, तिथे शीटमध्ये काहीतरी अनिर्णित राहिले आहे. त्या जागेसाठी बरोबर आणि चूक अशी दोन लहान रेखाटने शेजारी काढून, चुकीच्यावर फुली मारून, ती शीटच्या मोकळ्या कोपऱ्यात घालतात.