तातडीच्या मालवाहतुकीत एकट्या चालक-मालकाचे पुनरागमन (अमेरिका)

ट्रकधंदा सोडून काही वर्षांनी परतलेला, स्वतःच्या वाहनावर जोडीदार न घेता तातडीचा माल पोहोचवणारा चालक-मालक हा अमेरिकेतील मालवाहतुकीचा एक ठळक प्रकार आहे. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोड्या मोठ्या संख्येने असल्यामुळे परतणाऱ्यांतले काही जण पूर्वी दोघांनी चालवलेला ट्रक आता एकट्याने चालवतात. गाडी तीच असली, तरी धंद्याचे गणित पार बदललेले असते.

तातडीच्या वाहतुकीत एका गाडीत एकाच गिऱ्हाइकाचा माल असतो आणि तो वाटेत कुठल्याही गोदामात न उतरवता थेट दारात जातो. माल बहुधा थोडाच असतो, पण त्याच्यावाचून मोटार कारखान्यातली जुळणी थांबणार असते. साठा न ठेवता लागेल तेव्हा सुटे भाग मागवण्याची रीत कारखान्यांनी उचलली आणि 1980 च्या मोटर कॅरियर कायद्याने दर व मार्गांवरची सरकारी पकड सैल केली. त्यानंतर मिशिगन-ओहायो पट्ट्यात हा धंदा फोफावला. ओहायोतल्या अ‍ॅक्रनची रॉबर्ट्स एक्सप्रेस ही त्यातली ठळक कंपनी, तीच 2000 मध्ये फेडएक्स कस्टम क्रिटिकल झाली.

एकट्याची खरी अडचण घड्याळाची. संघीय नियमानुसार सलग 10 तास विश्रांती झाल्यावर कामाची 14 तासांची मुदत सुरू होते आणि तिच्यात जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. टेक्सासच्या लारेडो सीमेवरून डेट्रॉइटकडे सुमारे 1,600 मैलांचा माल निघाला असे धरू. ताशी सरासरी 50 मैल धरले तर 32 तासांचे चालवणे झाले. जोडी आळीपाळीने झोपत तो दीड दिवसात पोहोचवते. एकट्याला मध्ये दोनदा 10-10 तास थांबावे लागते, म्हणजे दोन दिवसांहून अधिक. असा माल त्याच्या वाट्याला सहसा येतच नाही. त्याचे पोट भरते ते शिकागो-डेट्रॉइट किंवा डेट्रॉइट-नॅशव्हिलसारख्या, एका दमात संपणाऱ्या फेऱ्यांवर.

याहून अवघड प्रश्न झोपेचा. चालक दिवसभर ट्रकस्टॉपवर भाड्याची वाट पाहत जागा आहे आणि रात्री नऊला फोनवर भाडे येते. दिवसभर तो कामावर नव्हता, म्हणून कायद्याच्या हिशेबात त्याचे 11 तास शाबूत आहेत. शरीराच्या हिशेबात दिवस संपलेला आहे. थकलेल्या चालकाने गाडी हाकू नये, असाही नियम आहेच. पण काही कंपन्या नकारांची नोंद ठेवतात. त्यामुळे मुरलेला एकटा चालक काम नसताना, दुपारीसुद्धा, झोपून घेतो. ही सवय मोडलेल्याला ती पुन्हा लावणे गाडी चालवण्यापेक्षा जड जाते.

वाहनाची निवडही घड्याळाशीच बांधलेली आहे. एकूण वजनक्षमता 10,000 पौंडांपर्यंत असलेल्या कार्गो व्हॅनला, फलक लावावा लागेल असा धोकादायक माल नसेल तर, वरचे तासांचे नियम लागू होत नाहीत आणि व्यावसायिक परवानाही (सीडीएल) लागत नाही. परतणाऱ्याला हा सोपा दरवाजा वाटतो. तो इतरांनाही तितकाच सोपा असल्यामुळे व्हॅनच्या दरांवर सतत दबाव असतो. पेटीबंद स्ट्रेट ट्रकला (केबिन आणि मालपेटी एकाच सांगाड्यावर असलेल्या) भांडवल जास्त लागते, पण त्यात झोपायची केबिन असते आणि जड पॅलेट (माल रचलेल्या चौकटी) चढवण्यासाठी मागे लिफ्टगेट, म्हणजे वर-खाली होणारा फळा, बसवता येते. 26,001 पौंड किंवा त्याहून जास्त क्षमतेला सीडीएल हवेच.

मध्यंतरी नियमही हलले आहेत. डिसेंबर 2017 पासून बहुतेकांच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या कागदी लॉगबुकाची जागा इंजिनाला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राने घेतली. पूर्वी पेन्सिलीने ‘जुळवलेला’ अर्धा तास आता जुळत नाही. जानेवारी 2020 पासून सीडीएलधारकांच्या अमली पदार्थ व मद्य चाचण्यांतील उल्लंघने एका संघीय नोंदवहीत जातात आणि कामावर घेण्याआधी ती तपासली जाते. सीडीएल चालकाच्या अर्जात मागील 10 वर्षांच्या वाहनचालक म्हणून केलेल्या नोकऱ्यांची माहिती द्यावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. 2007 पूर्वी धंदा सोडलेल्याला डिझेलच्या काजळीचा फिल्टरही नवा असतो. तो तुंबला की इंजिन आपली ताकद आपणच कमी करते आणि तातडीचा माल कडेला उभा राहतो.

बहुतेक जण स्वतःचा वाहतूक परवाना न काढता एखाद्या कंपनीशी करार करून तिच्या परवान्याखाली गाडी लावतात. ग्राहक आणि मालाचा विमा कंपनीकडे, डिझेल व दुरुस्ती चालकाकडे, असा सर्वसाधारण मामला असतो. भाडे मुख्यतः भरल्या मैलांचे मिळते. माल उचलायला केलेल्या रिकाम्या धावेचे मिळेलच असे नाही, म्हणून मैलाचा दर पाहून हुरळणारा हमखास फसतो. मोटार कारखाने नव्या मॉडेलसाठी जुलैच्या सुमारास बंद असतात आणि नाताळानंतरही काम मंदावते, तेव्हा हाताशी रोकड लागते. परत येताना ट्रकच्या हप्त्यात सगळी पुंजी घालणे हा यातला सर्वांत महागडा उतावळेपणा. अशा रीतीने कंपनीकडे लावलेल्या गाड्यांच्या संघीय भाडेकरार नियमांनुसार माल पोहोचवल्याची आवश्यक कागदपत्रे दिल्यापासून 15 दिवसांत कंपनीने पैसे चुकते करायचे असतात, आणि करार संपल्यावर चालकाची अनामत रक्कम, ठरलेल्या कपाती वजा करून, 45 दिवसांच्या आत परत करायची असते.