जोर नेमका कुठल्या बाजूचा?

विळीवर नारळ खवताना हाताकडे नीट बघा. वाटी खवणीच्या दात्यांवर दाबायची, जराशी पुढे रेटायची आणि त्याच वेळी मनगटाने फिरवत राहायची. दाब कमी पडला तर खोबरं सुटत नाही. जास्त झाला तर पांढऱ्याशुभ्र किसात करवंटीलगतचा तपकिरी चुरा उतरतो आणि घरातलं कुणीतरी बोलतंच. हे काम रोबोच्या हाताला शिकवायचं म्हटलं, तर ‘किती जोर लागला’ हे एका आकड्यात सांगून भागणार नाही. खाली दाब किती, पुढे रेटा किती, बाजूला किती, ही तीन बलं. शिवाय त्याच तीन अक्षांभोवती पीळ किती, म्हणजे तीन टॉर्क. एकूण सहा आकडे, एकाच क्षणी, एकमेकांत न मिसळता.

सगळी मेख त्या ‘न मिसळता’मध्ये आहे. जोर मोजणं तुलनेनं सोपं आहे. जोर कुठल्या बाजूचा हे सांगणं अवघड, कारण धातूला दिशा कळत नाही. त्याला फक्त ताणलं जाणं आणि दाबलं जाणं कळतं.

हे सहा आकडे मोजणारा सेन्सर रोबोच्या मनगटात बसतो. त्याच्या पोटात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा कोरलेला तुकडा असतो आणि त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज. गेज म्हणजे नखाहून लहान प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावरची धातूची नागमोडी रेघ. खालचा धातू ताणला गेला की ती लांबते, बारीक होते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. तार ताणली की रोध बदलतो हे केल्व्हिन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. पण चिकटवायचा गेज यायला १९३८ साल उजाडलं. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी तो स्वतंत्रपणे बनवला. रूज यांना भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं ते मोजायचं होतं.

आता एक साधी पट्टी घेऊ. ॲल्युमिनियमची, १० मिमी रुंद, ५ मिमी जाड, एक टोक घट्ट पकडलेलं. गेजपासून ५० मिमी अंतरावर दोन किलोचं वजन टांगलं, म्हणजे साधारण २० न्यूटन. पट्टी वाकते आणि तिचा वरचा पृष्ठभाग दर दहा लाख भागांत ३४३ भाग ताणला जातो. ३५० ओहमच्या नेहमीच्या गेजमध्ये याने होणारा बदल जेमतेम पाव ओहम. आता तेच २० न्यूटन पट्टीच्या लांबीच्या दिशेनं ओढायला लावा. ताण भरतो दहा लाखांत सहाच्या आत. बल तेच, पट्टी तीच, पण दिशा बदलल्याबरोबर आवाज साठ पटीने बारीक! म्हणून सेन्सर बनवणारे शक्य तिथे धातूला ओढत नाहीत, वाकवतात.

एका गेजवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावतं. खोली दहा अंशांनी तापली की २३० झाले, म्हणजे आपल्या वजनाच्या संकेताच्या दोन तृतीयांश. काट्यावर काहीच नाही आणि काटा सव्वा किलोच्या वर दाखवतोय.

इथे बारावीला रटाळ वाटलेला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार रोधांची चौकोनी जोडणी, कामाला येतो. (त्याची मूळ कल्पना सॅम्युएल ख्रिस्टी यांची, १८३३ ची. व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी ती लोकप्रिय केली आणि नाव त्यांचंच पडलं.) एक गेज पट्टीच्या वर, दुसरा बरोबर त्याच्या खाली, आणि दोघे ब्रिजच्या शेजारच्या भुजांत. ब्रिज दोघांची वजाबाकी करतो. वाकताना वरचा ताणतो, खालचा दाबला जातो, म्हणून वजाबाकीत संकेत दुप्पट. लांबीच्या दिशेनं ओढलं तर दोघेही सारखेच ताणतात, वजाबाकी शून्य. तापमान वाढलं तरी दोघे सारखेच, पुन्हा शून्य. पट्टीला एकाच दिशेचं ऐकू यावं आणि बाकीच्यांबाबत तिनं बहिरं व्हावं, हे फक्त तारा कशा जोडल्या त्यावर जमलं. मला तरी या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

आडव्या बलाचं काय? गेज पट्टीच्या बरोबर मध्यरेषेवर असेल तर आडवं वाकणं त्याला जाणवत नाही, कारण ती रेषा ना ताणते ना दाबली जाते. पण चिकटवताना हात हलला आणि दोनपैकी एक गेज अर्धा मिलिमीटर सरकला, की आडव्या बलाचे अडीच टक्के उभ्या बलाच्या खात्यात जमा होतात. याला क्रॉसटॉक म्हणतात.

सहा दिशांसाठी बऱ्याच सेन्सरमध्ये अधिकचिन्हासारखा आकार कोरतात: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले चार दांडे, भोवती कडं. हात तुंब्याला जोडतात, रोबो कड्याला. तुंबा खाली दाबला की चारही दांडे एकाच बाजूला वाकतात. तुंबा कलला की समोरासमोरचे दोन उलटसुलट वाकतात. म्हणजे त्यांची बेरीज केली की बल, वजाबाकी केली की टॉर्क. पण तुंबा आडवा ढकलला तर घोटाळा होतो. ज्या दोन दांड्यांनी वाकायला हवं, त्यांच्या मदतीला बलाच्या दिशेत असलेले दुसरे दोन धावून येतात. लांबीच्या दिशेत दांडा भयंकर ताठ असल्यामुळे बहुतेक जोर तेच गिळतात आणि मोजणारे दांडे उपाशी राहतात. उपाय म्हणून दांडा कड्याला थेट न जोडता एका पातळ पडद्यासारख्या भिंतीला जोडतात. लांबीच्या दिशेत ती भिंत लवते, दांडा किंचित सरकतो आणि जोर योग्य ठिकाणी जातो.

एवढं करूनही थोडी सरमिसळ उरते. मग गणित येतं: सहा संकेतांपासून तीन बलं आणि तीन टॉर्क काढायचे तर ६ × ६ म्हणजे ३६ गुणकांचा तक्ता. काही जणांना वाटतं की हा तक्ता असताना धातूवर एवढी मेहनत कशाला? त्यांना मी बाजारात नेतो. एक किलो बटाटा आणि एक किलो कांदा मिळून ७० रुपये. दुसरं बिल: दहा किलो बटाटा, १०.१ किलो कांदा, ७०३ रुपये. वजाबाकी केली की कांदा ३० रुपये, बटाटा ४०. आता दुकानदारानं ७०३ चे सरळ ७०५ केले. पुन्हा हिशेब करा: कांदा ५०, बटाटा २०! दोन रुपयांच्या चुकीनं भाव उलटे झाले, कारण दोन्ही बिलं जवळजवळ एकच गोष्ट सांगत होती. सेन्सरचे दोन संकेत असेच जुळे निघाले तर तारांतली नेहमीची खरखरसुद्धा तक्त्यातून फुगून बाहेर येते. संकेत वेगळे ठेवण्याचं काम कोरतानाच करावं लागतं.

ते ३६ गुणक मिळवायला कॅलिब्रेशन करतात. माहीत असलेली वजनं दोरी आणि कप्पीवरून एकेका दिशेनं लावायची आणि सहाही संकेत टिपायचे. शुद्ध पीळ हवा असेल तर दांडीच्या दोन टोकांना सारखीच, पण उलट दिशेची दोन बलं लावायची. कंटाळवाणं काम आहे, आणि प्रत्येक नगासाठी वेगळं करावं लागतं, कारण गेज चिकटवणारा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो. त्यामुळे तक्त्याची फाइल मॉडेलची नसते, त्या एका नगाची असते.

हे आम्ही एकदा विसरलो. सरळ खाली दाबायला सांगितलेला रोबोचा हात हळूहळू डावीकडे सरकत होता. दुपारभर प्रोग्रामच्या ओळी तपासल्या, स्क्रू आवळले, केबल बदलली. संध्याकाळी एकीनं सेन्सरच्या बुडाशी टॉर्च मारून कोरलेला अनुक्रमांक वाचला. शेवटी ४७ होतं. आम्ही चढवलेली फाइल ७४ ची होती.